ट्रॅक्टर नांगराला दम धरत नाही? आधी हवा, मग पाणी, शेवटी लोखंड

आमचं शेत परभणी जिल्ह्यात, गंगथडीला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. जमीन काळी, भारी, खोल. चार वर्षांपूर्वी आम्ही ४५ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला, मागे १३.६-२८ टायर, आणि त्याच्यामागे दोन फाळी पल्टी नांगर. हरभरा निघाल्यावर पहिल्यांदा नांगर लावला आणि दुसऱ्याच तासाला (नांगराच्या चरीला) चाकं जागीच फिरायला लागली. इंजिन मजेत चालू, नांगर जमिनीत, ट्रॅक्टर तिथल्या तिथं.

धुऱ्यावर जमलेल्या प्रत्येकानं वेगळा उपाय सांगितला. एक म्हणाला टायरमध्ये पाणी भर, दुसरा म्हणाला पुढं वाळूच्या गोण्या बांध, तिसरा म्हणाला हवा सोड. मी हे सगळं केलं, पण उलट्या क्रमानं आणि न मोजता. एका चाकाच्या ट्यूबचा व्हॉल्व उपटला, दोन दिवस ट्रॅक्टर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, उभा राहिला आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घ्यावी लागली. पुढच्या हंगामात एकेक गोष्ट मोजून केली, तेव्हा त्याच ट्रॅक्टरनं तोच नांगर नीट ओढला. नव्यानं ट्रॅक्टर घेतलेल्यांना माझ्यासारखा भुर्दंड पडू नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काय काय लागेल, ते आधी जमवून ठेवा:

- कमी दाबाचा हवा गेज, ० ते ३० किंवा फार तर ० ते ५० पाउंडाचा (पीएसआय). स्वतःचाच घ्या, दुकानातला नको. कारण पुढे येईल.
- ट्रॅक्टरची कंपनीनं दिलेली पुस्तिका. हवेचा आणि वजनाचा तक्ता त्यात असतो.
- खडू किंवा चुना, थोडा पांढरा ऑइलपेंट, टेप आणि दोन खुंट्या.
- पाणी भरायचं असेल तर टायरच्या व्हॉल्ववर बसणारा पाण्याचा नोझल, व्हॉल्वची पिन काढायची चावी, रबरी पाइप आणि २०० लिटरचा बॅरल.
- चांगला जॅक, त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी आणि चाकांना लावायला ओट (चाक सरकू नये म्हणून अडसर).
- वही आणि पेन. मी वही ठेवली नव्हती म्हणूनच पहिलं वर्ष वाया गेलं.

## १. चाक फिरतंय की इंजिन दबतंय, हे आधी ओळखा

दोन्ही वेळेला ट्रॅक्टर अडतो, पण दुखणी वेगळी आहेत. नांगर लागल्यावर इंजिनाचा आवाज खाली जातो, काळा धूर येतो, आरपीएमचा काटा पडतो आणि चाक मात्र फिरत नाही, तर तुमची ताकद कमी पडते आहे. गिअर खालचा घ्या, खोली कमी करा, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बघा. या लेखातलं काहीच तिथं कामाला येणार नाही.

आरपीएम जागेवर आहे, इंजिनावर ताण नाही आणि चाक मात्र मागे माती फेकत गरागरा फिरतंय, तर पकड कमी पडते आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या दुखण्याबद्दल आहे.

## २. जमीन कोणती आणि वापसा आहे का

वजन घातलं की पकड वाढते, हे सगळ्या जमिनींना लागू नाही. मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

मुरमाड, वाळूसर किंवा वरून भुसभुशीत झालेल्या कोरड्या जमिनीत पकड घर्षणातून येते. कण एकमेकांवर घासतात, आणि जितकं वजन वरून जास्त तितकं घर्षण जास्त. तिथं वजन घातलं की फरक लगेच दिसतो.

ओल्या काळ्या जमिनीचं तसं नाही. बेसाल्ट खडक झिजून झालेली आपली काळी माती चिकणमातीनं भरलेली असते. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना तिची ताकद कणांच्या चिकटून राहण्यात असते, वरच्या वजनानं ती फारशी वाढत नाही. अशा जमिनीत पकड वाढवायची तर टायर जमिनीला टेकतो ती जागा वाढवावी लागते, म्हणजे हवा कमी, टायर रुंद, किंवा केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याचं चाक). वजन घातलं तर चाक आणखी खोल जातं आणि जमीन तुडवली जाते ती वेगळीच.

म्हणून सगळ्यात आधी वापसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, आहे का बघा. नांगराच्या तळाच्या खोलीवरची, म्हणजे वीतभर खालची मूठभर माती घ्या. मुठीत दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वापसा आहे. तसाच गोळा राहिला, किंवा बोटानं दाबल्यावर मातीची वात ओढता आली, तर दोन-चार दिवस थांबा. टायरच्या खाचा चिखलानं भरून चाक गुळगुळीत झालं की कुठलाही उपाय चालत नाही. वरची माती सुकली म्हणून फसू नका. आमच्या जमिनीत वर पापुद्रा धरलेला असतो आणि खाली लोणी असतं.

## ३. नांगर आणि जोडणी तपासा

पुष्कळदा दोष टायरचा नसतोच. नांगराचे फाळ झिजून बोथट झाले असतील तर तोच नांगर कितीतरी जड ओढतो. फाळाचं टोक हातानं चाचपून बघा. गोल लागलं तर आधी लोहाराकडे जा किंवा फाळ बदला. वजनावर पैसे घालण्याआधी हा खर्च करा.

मग टॉप लिंक, म्हणजे नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा, बघा. ती फार आखूड असेल तर नांगर नाकावर उभा राहतो, खोल घुसत जातो आणि ट्रॅक्टर अडवतो. फार लांब असेल तर पुढचा फाळ वर उचलला जातो. नांगर चालू असताना बाजूनं बघितल्यावर त्याची फ्रेम जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

हायड्रॉलिकचे दोन दांडे असतात, पोझिशन आणि ड्राफ्ट. नांगरटीला ड्राफ्टचा दांडा वापरायचा असतो, आणि बरेच जण तो कधी हलवतच नाहीत. ड्राफ्टवर ठेवल्यावर जमीन कडक लागली की हायड्रॉलिक नांगराला बोटभर उचलतं, त्यामुळे नांगराचं आणि त्यावर आलेल्या मातीचं थोडं वजन मागच्या चाकांवर येतं. म्हणजे फुकटचं वजन, तेही हवं तेव्हाच. पोझिशनवर ठेवलेला नांगर हे करत नाही.

टायर उलटा बसवलाय का, तेही एकदा बघा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून बघितल्यावर टायरवरच्या नक्षीचा बाण वरच्या दिशेला गेलेला दिसला पाहिजे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर हे नक्की तपासा. पंक्चर काढताना चाकं अदलाबदल झालेली मी स्वतः बघितली आहेत. उलट्या टायरच्या खाचांतून माती बाहेर पडत नाही.

## ४. स्लिप मोजा

अंदाजानं "लई फिरतंय" म्हणून चालत नाही. स्लिप म्हणजे चाक फिरतं पण ट्रॅक्टर पुढे जात नाही, तो वाया गेलेला भाग. ती मोजायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

मागच्या एका चाकावर चुन्याची जाड आडवी रेघ मारा. नांगर नेहमीच्या खोलीवर, नेहमीच्या गिअरमध्ये लावून ट्रॅक्टर सरळ चालू द्या. रेघ खाली आली त्या जागेवर दुसऱ्यानं खुंटी ठोकायची आणि चाकाबरोबर चालत दहा पूर्ण फेरे मोजायचे. दहावा फेरा संपला तिथं दुसरी खुंटी. आता नांगर उचलून, त्याच जमिनीवर, त्याच गिअरमध्ये पहिल्या खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत जा आणि फेरे मोजा. शेवटचा अर्धा-पाव फेरा नीट लिहून ठेवा.

रिकामे, म्हणजे नांगर उचलून मोजलेले, फेरे ९ आले तर स्लिप १० टक्के. साडेआठ आले तर १५, आठ आले तर २०, सात आले तर ३० टक्के.

माझे पहिल्या वेळी साडेसात आले होते. म्हणजे २५ टक्के. चाक चार फेरे फिरत होतं आणि ट्रॅक्टर तीन फेऱ्यांइतकाच पुढे जात होता. चौथ्या फेऱ्याचं डिझेल आणि टायर मातीत जात होते. धाकटा भाऊ ट्रॅक्टरवर होता, मी रेघेबरोबर चालत होतो. आकडा सांगितल्यावर त्यानं आणखी एकदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही तोच आला.

टू व्हील ड्राइव्हला नांगरटीत १० ते १५ टक्के स्लिप ठीक धरतात. फोर व्हीलला त्याहून थोडी कमी हवी. शून्यावर आणायच्या मागे लागू नका. आठ टक्क्यांच्या खाली गेली तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे, आणि तो ताण गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सेलवर येतो. थोडं घसरणं हे चाकाचं काम आहे, ते न घसरल्यास आतलं काहीतरी तुटतं.

मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालांत ट्रॅक्टर किती ओढतो हे वजन घालून आणि वजनाशिवाय, दोन्ही प्रकारे दिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर वजनानं तुमच्या ट्रॅक्टरला नेमका किती फरक पडतो ते कळेल.

## ५. हवा

इथं पैसा लागत नाही आणि फरक चांगला पडतो. म्हणून ही पायरी वजनाच्या आधी.

रस्त्याकडेच्या दुकानात हवा भरली की मागच्या टायरमध्ये २०-२५ पाउंड भरून येतात. पंक्चरवाले मामा विचारतात, "दादा, पंचवीस ठेवू का?" आणि आपण मान हलवतो. टायर गोल, टणटणीत दिसतो, बघायला बरा वाटतो. पण तसा टायर मधल्या पट्टीवरच जमिनीला टेकतो. कडेचे लग (टायरवरचे उंच रबरी दात) हवेत राहतात, आणि काही वर्षांनी टायर मधेच गुळगुळीत झालेला दिसतो.

दुकानातला गेज ट्रकच्या टायरसाठी असतो. त्यावर शंभराच्या वरचे आकडे बरोबर दिसतात, बारा-चौदाच्या आसपास तो काहीही दाखवतो. मी १२ सांगून भरलेली हवा घरी माझ्या गेजवर २० निघाली. म्हणून स्वतःचा कमी दाबाचा गेज घ्या.

नेहमीच्या २८ रिमच्या साध्या टायरला शेतकामात मागे १२ ते १४ पाउंड ठेवतात. नांगरासारखं जड अवजार टांगलेलं असेल तर चौदाच्या बाजूला राहा. पुढच्या लहान टायरना मात्र २६ ते ३० लागतं, ते मागच्याच्या हिशेबानं कमी करू नका. हे आकडे तुमच्या पुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून घ्या. टायरचा आकार आणि प्लाय (थरांची संख्या) बदलला की आकडा बदलतो. पुस्तिकेत आकडा बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पाउंड धरा.

हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. दोन्ही मागच्या चाकांत सारखी ठेवा. फरक असला तर नांगरटीत ट्रॅक्टर एका बाजूला ओढू शकतो.

आता माझी चूक. बारा चांगलं तर आठ आणखी चांगलं, असं समजून मी ८ पाउंडावर आणलं. टायर इतका बसला की नांगराचा जोर लागल्यावर रिम टायरच्या आत फिरली. ट्यूब टायरबरोबर राहिली, व्हॉल्व रिमबरोबर गेला, आणि मुळातून उपटला. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्याच्या खाली जायचं नाही. आणि एक खूण करून ठेवा: रिम आणि टायर दोन्हींवरून जाणारी ऑइलपेंटची एक सरळ रेघ. कामाच्या दिवशी संध्याकाळी बघा. रेघ तुटून रिमवरचा आणि टायरवरचा भाग बाजूला सरकलेला दिसला तर रिम फिरते आहे. व्हॉल्वही तिरका झालेला दिसेल. ताबडतोब हवा वाढवा.

हवा पंचवीसवरून बारा-तेरावर आणल्यावर पुन्हा स्लिप मोजा. माझे रिकामे फेरे साडेसातवरून आठच्या थोडे वर गेले. एक रुपया खर्च न करता.

## ६. काट्यावर जाऊन वजन बघा

वजन किती घालायचं हे ठरवण्याआधी आत्ता किती आहे ते माहीत हवं. साखर कारखाना, जिनिंग, बाजार समिती, जवळचा कुठलाही मोठा वजनकाटा चालतो. गर्दी नसेल तेव्हा जा, कारण तीनदा वजन करायचं आहे.

आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण ट्रॅक्टर, मग पुढची उतरवून फक्त मागची. तिन्ही पावत्या घ्या. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास आलं पाहिजे. काट्याच्या आधी-नंतरची जमीन काट्याच्या पातळीतच असेल असा काटा निवडा.

टू व्हील ड्राइव्हला कामाच्या वेळी पुढे साधारण २५ ते ३५ टक्के आणि बाकीचं मागे असावं. फोर व्हीलला पुढे ४० टक्क्यांच्या आसपास, कारण तिथं पुढची चाकंही ओढतात. काहीही झालं तरी पुढचा भार एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याखाली जाता कामा नये. स्टिअरिंग हलकं लागतं आणि चढाला तोंड उचलतं.

## ७. टायरमध्ये पाणी

हवा बरोबर आहे, वापसा आहे, नांगर नीट आहे, ड्राफ्ट वापरताय आणि तरी स्लिप १५ च्या वर आहे, तर पाणी भरा. सगळ्यात स्वस्त वजन पाण्याचंच.

साधारण तीन चतुर्थांश टायर भरायचा असतो. तेवढ्यात १३.६-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, १४.९-२८ मध्ये दोनशेच्या आणि १६.९-२८ मध्ये पावणेतीनशेच्या आसपास. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे माझ्या ट्रॅक्टरला दोन्ही चाकांत मिळून तीनशे किलो वाढले. रेडियल टायर असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय इतकं भरू नका. रेडियलची बाजू लवचीक असते, त्यावरच त्याची पकड असते, आणि पाण्यानं ती ताठ होते.

करायचं असं:

ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर लावा, ज्या चाकात पाणी भरायचं त्याचा व्हॉल्व वर, बाराच्या ठिकाणी येईल असा. गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना ओट लावा. जॅक एक्सेलखाली, आणि जॅकखाली फळी. आपल्या मातीत नुसता जॅक रुततो आणि ट्रॅक्टर कलंडतो, हे विसरू नका. चाक जमिनीपासून बोटभर उचला. ट्रॅक्टरखाली कोणीही जायचं नाही.

व्हॉल्व वरच आहे ना, ते बघा. हवा सोडून पिन काढा. आतली हवा जोरात येते, तोंड बाजूला ठेवा आणि पिन मातीत हरवू देऊ नका. मी ती तोंडात धरायचो, ती सवय वाईट, खिशात टाका. मग नोझल बसवा आणि पाइप जोडा.

पाणी बॅरलनं मापून टाका. छतावरच्या टाकीतून पाइप लावला तर आपोआप उतरतं, फक्त मधेमधे पाइप काढून आतली हवा बाहेर सोडावी लागते, नाहीतर पाणी अडतं. व्हॉल्व वर असताना त्यातून पाणी बाहेर येऊ लागलं की थांबा. तिथंच तीन चतुर्थांश भरतो. त्याच्यावर भरू नका. वर राहिलेली हवा ही टायरची गादी आहे. पूर्ण भरलेला टायर दगडावर आपटला तर दबत नाही, फुटतो.

आता पिन बसवा, हवा भरा, आणि व्हॉल्व वरच ठेवून दाब तपासा. व्हॉल्व खाली असताना मोजलं तर गेजमध्ये पाणी शिरतं आणि आकडाही थोडा जास्त दिसतो. दुसऱ्या चाकात तितकंच पाणी, मापून.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याला त्याची गरज नाही. त्यानं रिम गंजते. खाऱ्या बोअरचं पाणीही टाळा, बाभळीच्या काट्यानं ट्यूबला बारीक भोक पडलं की तेच पाणी रिम खात बसतं.

पाणी भरलेलं चाक पंक्चर झालं तर दुकानदाराला आधीच सांगा, "मामा, पाण्याचं आहे." न सांगता चाक खोललं तर दीडशे-दोनशे किलोचं ओझं एखाद्याच्या पायावर जाईल. पाणी काढायचं असेल तर व्हॉल्व खाली आणून पिन काढा.

## ८. लोखंडी वजन आणि पुढचं तोंड

पाण्यानंतरही कमी पडलं तर मागच्या चाकांत बसणाऱ्या ओतीव प्लेटा घ्या. त्यांचा फायदा असा की काम बदललं की अर्ध्या तासात काढता येतात. कंपनीच्या छिद्रांना बसणाऱ्याच घ्या. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून रिमला चिकटवलेली वजनं मी बघितली आहेत. वेल्डिंगनं रिम कमकुवत होते आणि टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग केलं तर टायर फुटून माणूस मरू शकतो.

पुढचं वजन मागच्या पकडीसाठी नसतं, तोंड जमिनीवर ठेवण्यासाठी असतं. पल्टी नांगर चारशे किलोच्या आसपास जातो, आणि उचलला की तो मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळतो. नांगर पूर्ण वर घेऊन धुऱ्यावर वळून बघा. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं फिरतात पण ट्रॅक्टर सरळ जातो, असं झालं तर बंपरवर वजनं लागतील. गोण्या, दगड, पाटा, दोरीनं बांधलेलं काहीही नको. खडबडीत जमिनीत ते सरकतं आणि चाकात येतं.

माझ्या ट्रॅक्टरला प्लेटा लागल्या नाहीत. पाणी भरल्यावर आणि ड्राफ्ट नीट लावल्यावर रिकामे फेरे ८.८ आले, म्हणजे १२ टक्के. तिथं मी थांबलो. तुम्हीही आकडा १० ते १५ मध्ये आला की थांबा.

नांगरटीत एक चाक तासात चालतं आणि एक वर. वरच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तेच आधी फिरतं. तेव्हा डिफरन्शियल लॉकचा पेडल वापरा, त्यानं मागची दोन्ही चाकं सारखी फिरतात. पण सरळ चालतानाच, आणि चाक जोरात फिरायला लागण्याआधी. फिरत्या चाकावर लॉक दाबला तर दात तुटतात. वळणाआधी सोडा.

## ९. काम बदललं की हवा-वजनही बदला

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. नांगरटीचं वजन वर्षभर ठेवलं तर त्याचं नुकसान जमीन भोगते.

रोटाव्हेटरला वजन नको. त्याची पाती फिरताना स्वतःच ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, पकडीची गरज फार कमी असते. पेरणीलाही नको. पेरणीच्या वेळी जमीन मऊ असते आणि भारी चाकानं दाबलेल्या पट्ट्यात सोयाबीन उगवणीलाच मागे पडतं. पाणी काढून घ्या, हवा बारावर ठेवा. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रानं पेरत असाल तर चाक सरीतून चालतं, तेवढा फायदा आहे.

ऊस किंवा दुसरा माल ट्रॉलीतून रस्त्यानं न्यायचा असेल तर मागची हवा १८ ते २० पाउंडावर न्या, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत. बारावर भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यानं गेलात तर टायरच्या बाजू तापतात आणि चिरतात. दोन चाकी ट्रॉली आपलं काही वजन ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते, म्हणून तिला मागे जादा वजनाची गरज सहसा पडत नाही, पण पुढचं तोंड हलकं होतं. चार चाकी ट्रॉली वजन टाकत नाही, ती नुसती ओढायची असते. दोन्ही वेळेला ट्रॉली खालच्या हुकालाच. टॉप लिंकच्या जागेला साखळी अडकवून ओढलं तर ट्रॅक्टर मागच्या एक्सेलभोवती उभा राहून चालकाच्या अंगावर पालथा पडतो.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. पुढचे आणि मागचे टायर ठरलेल्या आकाराचेच लागतात, कारण पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरावीत अशी गिअरची रचना असते. मागे वेगळ्या आकाराचे टायर टाकले की ते गणित बिघडतं. आणि कडक रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह बंद ठेवा.

## १०. तरीही रुतला तर

चाक फिरवत बसू नका. प्रत्येक फेऱ्याला ते आणखी खाली जातं आणि शेवटी एक्सेल जमिनीला टेकतो. अवजार उचला, ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं हळू मागे घ्या. निघत नसेल तर अवजार सोडून ट्रॅक्टर हलका करा, चाकापुढची माती फावड्यानं काढा, वाट करून द्या.

चाकाला ओंडका बांधून बाहेर काढायची पद्धत आमच्याकडे अजून चालते. ती कृपा करून करू नका. चाकाला बांधलेला ओंडका जमिनीत अडकला की चाक फिरू शकत नाही, आणि मग इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जातो. पालथा व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. दुसरा ट्रॅक्टर बोलवा, लांब आणि मजबूत साखळी खालच्या हुकाला लावा, आणि साखळीच्या आसपास कुणालाही उभं राहू देऊ नका.

आखाड्यावर ट्रॅक्टर परत आल्यावर वहीत चार गोष्टी लिहा: जमीन कुठली, मागच्या-पुढच्या टायरची हवा, पाणी होतं की नाही, आणि रिकामे फेरे किती आले. माझ्या वहीचं पहिलं पान मार्चमधल्या नांगरटीचं आहे, १३ पाउंड, पाणी आहे, ८.८. नांगर बाहेर काढला की आधी तेच पान उघडतो.